रोमच्या बाळाचं नाक

१

रोमचं बाळ शनिवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी नाहीसं झालं, असं माझ्या डायरीत लिहिलंय. तेही चुकीचंच. ते आधीच गेलेलं होतं. दहा वीसला लासलगावच्या शाळेतल्या एका मुलीनं विचारलं एवढंच, "सर, या पेटीत काय बघायचं?"

१९९८ सालचा फेब्रुवारी. नाशकात गंगापूर रोडला कोठावदे ट्रस्टचं ग्रीक आणि रोमन शिल्पांचं म्युझियम होतं. आता नाही. किशोरशेठ कोठावद्यांच्या वडिलांनी देश सोडून निघालेल्या कुण्या परदेशी इंजिनिअरकडून सगळा संग्रह उचलला आणि बंगल्याच्या खालच्या मजल्यावर मांडला. वर कुटुंब राहायचं. म्हणजे खाली व्हीनस आणि वर कुकरच्या शिट्ट्या. तेवीस पुतळे, त्यातले बावीस प्लास्टरचे. खरा संगमरवर एकच: दोन-तीन वर्षांच्या पोराचं डोकं, सालासकट नारळाएवढं, अठराशे वर्षं जुनं. कुरळे केस, गाल गुबगुबीत आणि नाक तुटलेलं. आम्ही त्याला रोमचं बाळ म्हणायचो.

मी यादव, निवृत्त जमादार. तीस वर्षं खाकी घासून तिथं 'सुरक्षा अधिकारी' झालो होतो. हुद्दा मोठा, खुर्ची मोडकी. माझ्या हाताखाली एकच माणूस, मंगळू. सुरगाण्याकडचा, पन्नाशीचा. मी कळवणला नोकरीत असताना ओळख झालेली, म्हणून मीच त्याला इथं चिकटवला होता. झाडलोट तोच करी, पुतळे तोच पुसे, दारात तोच बसे. शाळेच्या सहली आल्या की पोरं हमखास विचारत, "हे सगळे देव तुटके का हो?" मंगळू गंभीरपणे सांगायचा, "लय लांबून आले ना बाळा. परवासात तुटले."

त्या दिवशी मात्र त्यानं रिकाम्या पेटीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

पेटीची काच शाबूत होती, कुलूपही शाबूत. किल्ल्या तिघांकडे: किशोरशेठ, मी आणि मंगळू. किशोरशेठ चार दिवस मुंबईला होते, सकाळीच परतलेले. माझी किल्ली माझ्या जानव्यासारखी अंगावरच असते.

किशोरशेठ वरून उतरले, पेटी बघितली आणि आवाज न चढवता म्हणाले, "यादवराव, पुढच्या महिन्यात मुंबईहून तज्ज्ञ यायचेत ते डोकं बघायला. सोमवारी दुपारी बारा वाजता मी पोलिसांना बोलावणार. तोवर डोकं आणा, नाहीतर हा मंगळू जाईल आत."

२

मंगळूला मी मागच्या खोलीत घेतला. दार लावलं. स्टुलावर त्याला बसवलं आणि मी उभा राहिलो. सवय असते हो, जात नाही.

"कुठंय डोकं?"

"म्या चोरलं नाय."

"मग कुणी? मी?"

गुरुवारी संध्याकाळी मी स्वतः पेटीतलं बाळ बघितलं होतं. शुक्रवारी म्युझियम बंद असतं. मी घरी, मंगळू एकटा पुसायला. दोन अधिक दोन करायला काही शहाणपण लागत नाही.

अर्धा तास मी त्याला फैलावर घेतला. शिव्या दिल्या. तुला इथं कुणी आणला, हे खाल्ल्या मिठाला जागणं का, सगळं ऐकवलं. मारलं नाही. मारलं नाही हे मी अजूनही स्वतःला सांगत असतो, जणू त्यानं काही फरक पडतो.

शेवटी तो म्हणाला, "साहेब, चोरलं नाय. टाकीला दिलं."

"टाकीला? गच्चीवरच्या?"

तो म्हणाला, "पुढचं नका इचारू. म्या आण घेतलीय. ल्हान लेकराची आण हाय, साहेब."

"कुणाच्या लेकराची?"

त्यानं हात जोडले. मी म्हटलं, गेला तुझ्या लेकराच्या आणेचा घो! कागद ओढला आणि जबाब लिहायला घेतला. तो म्हणत होता 'टाकीला दिलं', मी म्हटलं, "दिलं काय रे, धड बोलता येत नाही? टाकीत टाकलं म्हण." आणि लिहिलं: *सदर मूर्तीचे डोके मी स्वतः पेटीतून काढून पाण्याच्या टाकीत टाकले.* खाली नेहमीची ओळ: *माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.* वाचून दाखवला. अंगठा घेतला.

कागद घडी करून किशोरशेठला दिला आणि छाती काढून म्हणालो, "सापडलं समजा."

३

रविवारी सकाळी गच्चीवरची टाकी उपसली. दोन माणसं लावून खालचा हौदसुद्धा उपसला. एक चेंडू, कबुतराची पिसं आणि बोटभर गाळ. बाळ नाही.

किशोरशेठ गच्चीच्या कठड्याला टेकून बघत होते. "खोटारडासुद्धा आहे," एवढंच म्हणाले.

मंगळू खाली अंगणात उभा होता. मी तरातरा उतरलो. "काय रे, टाकीत टाकलं होतंस ना?"

"टाकीला दिलं म्हनलो," तो म्हणाला.

"परत तेच! घोकंपट्टी केलीयस काय?"

माझा संताप असा की विचारूच नका. माझी अब्रू गेली होती ना. पण तीस वर्षांत चोर मी पोत्यानं बघितलेत. चोर खोटं बोलतो तेव्हा गोष्ट रचतो, वाढवतो, मीठमसाला लावतो. हा दोनच शब्द धरून बसला होता. ते मला खुपायला लागलं.

म्हणून मी सोमनाथ मास्तरांकडे गेलो. सोमनाथ चित्रकलेचे शिक्षक, म्युझियमच्या प्लास्टरची डागडुजी तेच करत. शरणपूर रोडला एका खोलीत राहत. मी दार ढकललं आणि थबकलोच. टेबलावर रोमचं बाळ! कुरळे केस, गाल, तुटकं नाक.

"हात वर करू का?" मास्तर हसले. "उचलून बघा की."

उचललं. हलकं, कोमट. प्लास्टर.

"बुधवारी साचा घेतला, किशोरशेठना विचारून. आज सकाळीच ओतलंय, अजून ओलं आहे, जपून. यादवराव, खरं डोकं चोरून मी काय करू? विकायला गेलो तर पहिला मीच पकडला जाईन. सगळ्या नाशकात त्याच्याकडे दुसऱ्यांदा बघणारा मी एकटा."

"बुधवारी आणखी कोण होतं?"

"मंगळू. आणि मालनबाई, किशोरशेठच्या मातोश्री. मला म्हणाल्या, मास्तर, एवढं करताय तर त्याला एक नाक का नाही बसवत? मी म्हटलं, आजी, त्या नाकाला हात लावला तर सात जन्म पाप लागेल. हसण्यावारी नेलं."

मीही हसलो. काय अक्कल माझी! उत्तर ताटात वाढलं होतं आणि मी हात धुवायला निघालो.

४

मालनबाईंची चौकशी करायला गेलो तर त्यांनी जेवायलाच बसवलं. सत्तरीच्या, बारीक चणीच्या, आवाज मऊ. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, वर शेंगदाण्याची चटणी.

"आमच्याकडं अजून पाटाच बरं का," त्या म्हणाल्या. "मिक्सरच्या चटणीला चव म्हणून नसते."

पहिला घास घेतला आणि दाताखाली कचकन वाळूसारखी खर आली. दुसऱ्या घासालाही. मी गिळून टाकलं. मोठ्या घरी काय बोलणार?

आतल्या खोलीत सूनबाई पलंगावर पडून होत्या. "स्नेहलला सातवा लागलाय," मालनबाई कुजबुजल्या. "आधीची दोन गेली. आता डॉक्टरांनी उठूच नका सांगितलंय. तिला डोळ्यांत तेल घालून जपतेय मी."

"बाई, डोक्याबद्दल काही..."

त्यांचा हात भाकरीवर थांबला. "मला काय कळतंय त्यातलं? एक सांगते, खंडित मूर्ती घरात ठेवू नये. मी किशोरच्या वडिलांनाही सांगितलं होतं, किशोरला तर गेली पाच वर्षं सांगतेय. खाली ते पोर नाकाशिवाय आणि वर माझी सून अशी. कसं चांगलं होईल, तुम्हीच सांगा?"

"मग गेलं ते बरंच झालं म्हणायचं."

"गेलं कुठं?" त्या पटकन म्हणाल्या. मग पदर सावरत उठल्या. "ताक आणते."

ताक प्यायलो, ढेकर दिला, उतरलो. जिन्यात मंगळू भेटला. त्यानं मला नव्हे, वर स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

५

सोमवारी सकाळी घरी दाढी करत होतो. बारा वाजायला चार तास. बाहेर गल्लीत आरोळी आली: "टाकीऽऽय! पाट्याला टाकी लावायची काऽऽ!"

आमच्या सिंधुबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अहो, तिला थांबवा! पाटा गुळगुळीत झालाय, टाकीला द्यायचाय."

वस्तरा गालावरच थांबला.

"काय म्हणालीस?"

"पाटा टाकीला द्यायचाय म्हटलं. बहिरे झालात का? आणि त्यानंतर दोन दिवस चटणी मागू नका, खर येते. मागल्या वेळी भांडला होतात."

मी तसाच अर्ध्या साबणाचा मोरीत बसलो. चप्पल पॉलिशला देतात. कपडे इस्त्रीला देतात. पाटा टाकीला देतात. टाकी म्हणजे छिन्नी! पाण्याच्या टाकीला कुणी काही *देतं* का? टाकीत टाकतात. मंगळू तीन दिवस शुद्ध मराठी बोलत होता आणि मी त्याचं व्याकरण सुधारत होतो.

मग एकेक दाणा आपोआप ओवला गेला. मालनबाईंच्या चटणीतली खर: म्हणजे पाट्याला नुकतीच टाकी लागली, टाकीवाली शुक्रवारी-बिक्रवारी येऊन गेली. मास्तरांनी नाक बसवायला नकार दिला बुधवारी. शेठ गावाला, म्युझियम बंद, पेटीची किल्ली मंगळूकडे आणि हुकूम मालकिणीचा. लहान लेकराची आण म्हणजे सुनेच्या पोटातलं. आणि 'गेलं कुठं?' हे बाईंनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. गेलेलं नाही, परत यायचंय.

"सिंधे, तू माझ्या जागी जमादार पाहिजे होतीस," मी म्हणालो.

"आधी तोंड धुवा," ती म्हणाली.

बाहेर पाट्याला टाकी लावायला बसलेल्या बाईला विचारलं, गंगापूर रोडची आळी कुणाकडं? ती म्हणाली, "चतुराबाईची ती. पुलापलीकडं पाल हाय. तिचा नवरा पुंजा देव बी घडवतो."

देव बी घडवतो. मी सायकल काढली.

६

पंचवटीच्या बाजूला नदीकाठी चार पालं होती. पुंजा छिन्नीला धार लावत होता. मी नाव सांगितलं, कोठावदेबाईंनी पाठवलं म्हणालो. खोटं बोललो, पण त्याचं तोंड फुललं.

"या की! कवाचं तयार हाय. चतुरा आज नेऊनच देनार होती."

त्यानं गोणपाट बाजूला केलं.

मला आधी कळेचना काय बघतोय ते. पांढरंशुभ्र, गुळगुळीत, चकचकीत. नाक होतं, सरळ, छान टोकदार. डोळे मोठे, आपल्या देवीसारखे, बुबुळं कोरलेली. गाल गेले होते. कुरळे गेले होते.

"नाक न्हवतंच वो," पुंजा मनापासून समजावून सांगत होता. "नाकाला दगूड आनायचा कुठून? मंग सगळं त्वांडच बोटभर मागं घेतलं, तवा कुठं नाक निघालं. केसांत लय खाचा व्हत्या, घोटून काढल्या. बुडाला कायतरी आकडे व्हते रंगानं, ते तासून सपाट केलं, नीट बसाया पायजे ना. तीन दिस झालं, दुसरं काम नाय घेतलं."

चतुराबाई मागून म्हणाली, "आता कसं देवावानी दिसतंय. आदी बगवत न्हवतं."

चांगलं काम केलं होतं त्यानं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. अठराशे वर्षं न सोसता राहिलं होतं बिचारं, ते आमच्या नाशकात येऊन सोसावं लागलं.

पण मंगळू सुटला! माझ्या डोक्यात तेवढंच होतं. डोकं पिशवीत घातलं, साडेदहा वाजले होते. बाराला दीड तास शिल्लक होता.

७

बंगल्यासमोर पोलिसांची जीप उभी होती. किशोरशेठनी बारापर्यंत वाट बघितली नव्हती. मंगळू मागच्या बाकावर बसला होता, मांडीवर त्याचा डबा. मी पिशवी वर करून दाखवली. त्यानं ओळखलं, आणि मान नकारार्थी हलवली. सांगू नका, असं.

आत मी टेबलावर डोकं ठेवलं आणि सगळं सांगितलं. पाटा, खर, नाक, टाकी. किशोरशेठ ऐकत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला, नाक बसवलेल्या त्या डोक्यासारखा. मालनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी डोकं बघितलं आणि नकळत हात जोडले.

"नाक छान बसवलंय हो," त्या म्हणाल्या.

"आई, आत जा."

"किशोर, मंगळूला म्हणावं..."

"आत जा. स्नेहल एकटी आहे."

त्या गेल्या. वाक्य तिथंच राहिलं. आठ वर्षं झाली, मी त्या वाक्याची वाट बघतोय.

इन्स्पेक्टर माझ्याच हाताखाली तयार झालेला पोरगा. त्यानं म्युझियमच्या पुस्तकातला फोटो काढून डोक्याशेजारी धरला. "जमादारसाहेब, हे तेच कसं? चेहरा नाही, केस नाहीत, मापसुद्धा नाही."

"खाली नंबर होता, तासला त्यानं."

"म्हणजे नंबरही नाही. संगमरवर तर कुठल्याही दुकानात मिळतो. साहेब, हा म्हसोबा आहे."

किशोरशेठ थंडपणे म्हणाले, "माझी वस्तू ही नव्हे. माझी वस्तू चोरीला गेलीय." त्यांना ते डोकं ओळखायचंच नव्हतं. तज्ज्ञांना काय सांगणार, आमच्या आईनं रोमला नाक बसवलं? आणि सातव्या महिन्यातल्या सुनेसमोर आईला चौकीत नेणार? मला त्यांचं कळत होतं, हीच तर पंचाईत. राग आला असता तर बरं झालं असतं.

"मग मंगळूविरुद्ध तरी पुरावा काय?" मी ओरडलो.

इन्स्पेक्टरनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हा. अक्षर तुमचंच ना?"

पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही, हे मी तीस वर्षं शिकवलं पोरांना. पण मी आता पोलीस कुठं होतो? निवृत्त माणूस, त्याला आरोपीनं आपण होऊन सांगितलेलं. पक्का कागद. माझ्या हातून इतका पक्का कागद नोकरीत कधी झाला नव्हता.

दुपारी पुन्हा पुलापलीकडे गेलो, पुंजाची साक्ष घ्यायला. जीप तिथं आधीच फिरून गेली होती. चुलीची राख होती, पालं नव्हती.

८

चार वर्षं तारखा पडल्या. मंगळूनं कोर्टातसुद्धा मालनबाईंचं नाव घेतलं नाही. मी साक्षीला उभा राहिलो, सांगितलं, जबाब मी चुकीचा लिहिला, तो 'टाकीला दिलं' म्हणाला होता. सरकारी वकिलानं चष्मा काढून विचारलं, "तीस वर्षांत तुम्ही असे किती जबाब लिहिलेत, जमादार?" कोर्टात हशा पिकला. मला मात्र रात्रंदिवस तो प्रश्न सोडत नाही. खरंच, किती?

दोन वर्षांची शिक्षा झाली. सुटल्यावर मंगळू थेट गावी गेला. मालनबाई त्याच्या आदल्याच वर्षी वारल्या होत्या. मी गेल्या पावसाळ्यानंतर धीर करून सुरगाण्याकडं गेलो. नागलीच्या खळ्यात बसला होता, निम्मा झालेला. मला बघून उठला, घोंगडी अंथरली. अजूनही साहेबच म्हणाला.

पहिलं त्यानं विचारलं, "बाईंचा नातू कसा हाय?"

"चांगला आहे. दुसरीत गेला."

"मंग झालं," तो म्हणाला, आणि खरंच त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मला ते बघवेना.

मग विचारलंच, जे विचारायला एवढ्या लांब आलो होतो. "मंगळू, मी 'टाकीत टाकलं' लिहिलं, तुला वाचूनही दाखवलं. आण तू बाईंचं नाव न सांगायची घेतली होतीस, शब्दाची नाही. तेव्हाच का नाही म्हणालास, साहेब, हे चुकलं?"

त्यानं जरा आठवल्यासारखं केलं. माझं मन दुखवायचं नव्हतं त्याला.

"मला वाटलं साहेब," तो म्हणाला, "शुद्ध भाषेत तसंच लिवत असतील."